त्याचे तीन दिवस, माझे तीन दिवस

औषधांच्या दुकानात लोरेटाने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर फोटोंचं एक जाडजूड पाकीटही पुढे सरकवलं. "हेही ने बाई, पाच-सहा दिवस पडलंय इथे," ती म्हणाली. मी म्हटलं, "आमचं नसेल. आमच्याकडे कोण फोटो काढतंय?" "हॅडनच लिहिलंय. तुझा नवराच टाकून जातो की दर पाच-सहा महिन्यांनी एक रोल. तुला ठाऊक नाही?" आणि मग डोळे बारीक करून, "म्हणजे भानगड दिसतेय! उघडून बघ, कुणी सोनेरी केसांची निघाली तर आधी मला सांग हं." मी हसले. खरंच हसले, आणि ते हसणं मला नंतर फार लागलं. गाडीत येऊन बसले. मार्चचा काळा बर्फ रस्त्याच्या कडेला सडत पडला होता, काचेवर मिठाचे पांढरे ओघळ होते, हीटर जळक्या धुळीचा वास सोडत होता. पाकीट फोडलं. सोनेरी केसांची कुणी नव्हती. असती तर बरं झालं असतं, अगदी शपथेवर सांगते. चोवीस फोटो होते आणि चोवीसही फोटोंत आमच्या वरच्या मजल्यावरची खोली होती, इझल होतं, इझलवर आमचं चित्र होतं. सगळ्यात वरच्या फोटोत पूल होता. तांबूस, लोखंडी, नदीवर कंबरेत वाकलेला. तो पूल वेंडलने गेल्या आठवड्यातल्या बुधवारी पुरा केला आणि गुरुवारी सकाळी मी टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसला. मी पुसलेली वस्तू माझ्या हातात होती, चकचकीत, आणि मागे पेन्सिलने तारीख टाकायला जागा कोरी ठेवलेली.

यात चिडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. लोरेटाला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अगं, नवरा बायकोच्या चित्राचे फोटो काढतो, ओवाळ त्याला. पण बायकोच्या नव्हे. हीच तर गोम आहे. मी आणि वेंडल, आम्ही दोघं मिळून चित्रं काढतो. सव्वीस वर्षं झाली. बफेलोत इतरांचं असतं तसंच आमचं घर, खाली एक बिऱ्हाड, वर एक; फरक इतकाच की वर भाडेकरू नाही, वर चित्र राहतं. सोमवार, मंगळवार, बुधवार वेंडल वर जातो. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी. रविवारी कुणीच नाही. एकाच्या दिवसांत दुसऱ्याने जिना चढायचा नाही. वर गेल्यावर दुसऱ्याने काढलेलं काहीही पुसायचा, खरवडायचा, त्यावर रंग चढवायचा हक्क आहे. विचारायचं नाही, आणि ज्याचं पुसलं गेलं त्याने तोंडातून ब्र काढायचा नाही, की गेलेल्याची कसलीही खूण जपून ठेवायची नाही. आणि एखाद्या दिवशी वर जाऊन, बघून, ब्रशला हात न लावता जो खाली येतो आणि 'पास' म्हणतो, त्याने चित्र संपवलं. मग तो पाठीमागे आपलं नाव लिहितो आणि त्याच्याखाली दुसरा. हे 'पास' माझ्या बापाच्या स्वयंपाकघरातलं. पोलादाच्या कारखान्यातून सुटून आलेले चार पोलिश बाप्ये टेबलाशी पत्ते कुटायचे, आणि पास म्हटलेल्याने पुन्हा पानाला हात लावला तर माझा बाप त्याची कॉलर धरायचा. वेंडल पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याचीही धरली होती. उंच, गोरा, आमच्यासारखा कॅथलिक नव्हे तर प्रेस्बिटेरियन, डोळे मिचकावत बसलेला. "माफ करा, मला नियम माहीत नव्हता," तो म्हणाला. बाप म्हणाला, "नियम माहीत नसतो तो शिकतो. माहीत असून मोडतो तो चोर."

प्रदर्शनात लोक प्यालात वाइन हलवत विचारायचे, "चेहरे कोण काढतं आणि आभाळ कोण?" चेहरे म्हणजे मी, आभाळ म्हणजे तो, असं त्यांना हवं असायचं. वेंडल गोड हसायचा. "आम्हालाच आठवत नाही," म्हणायचा. एकदा तर म्हणाला, "जे पुसलं गेलं ते दोघांचं, जे उरलं तेही दोघांचं." एका बाईने ते वहीत लिहून घेतलं. मलाही ते वाक्य आवडलं होतं. माझं मेलीचं काळीज भरून आलं होतं. गाडीत बसून मी चोवीस फोटो मांडीवर पसरले आणि ते वाक्य आठवलं, आणि अशी तिडीक डोक्यात गेली की मी स्टिअरिंगवर हाताची मूठ आपटली. हॉर्न वाजला. पलीकडून चाललेल्या म्हाताऱ्याने टोपी सारखी करत माझ्याकडे बघितलं. प्रत्येक फोटो बुधवारचा होता. प्रत्येक फोटो त्याचं काम संपल्यावरचा, माझा हात लागण्याआधीचा. माझा एकही नाही. शनिवार संध्याकाळचा एकही नाही. मी चोवीसच्या चोवीस पुन्हा पाहिले, मग पाकिटात उलटा हात घालून चाचपलं, जणू माझे शनिवार तळाशी चिकटून राहिले असतील.

तो गुरुवार होता, आणि गुरुवारी वेंडल तीनपर्यंत कॉलेजात ड्रॉइंग शिकवतो. मी वर जायला हवं होतं, माझा दिवस होता. मंगळवारी ग्लेन फेरांटी, आमचा गॅलरीवाला, गाडी घेऊन चित्र न्यायला येणार होता. ओहायोतल्या एका म्युझियमने ते न पाहताच मागितलं होतं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्युझियम. पण मी वर गेले नाही, तळघरात गेले. वेंडल वस्तू लपवतो त्या नेहमी घर तापवायच्या भट्टीच्या मागे. सिगरेटी सोडल्या होत्या तेव्हा सिगरेटीही तिथेच होत्या. बुटांचे सात खोके. झाकणांवर त्याच्या सुबक अक्षरात सालं. एकोणऐंशीपासून. म्हणजे पहिली सात वर्षं तरी तो प्रामाणिक होता, की ती सात वर्षं कॅमेरा परवडत नव्हता, देव जाणे. मी वॉशिंग मशीनवर एकेक खोका रिकामा करत गेले. बुधवार, बुधवार, बुधवार. एकोणीस वर्षांचे बुधवार. दोरीने बांधलेले, तारखांनी लावलेले. माणूस मोजे जोडीने लावत नाही, पण हे लावले होते.

आणि चित्रं चांगली होती. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटं कशाला बोलू? काही वाईट होती, काही नुसती हुशार होती. पण पुष्कळ अशी होती की मी पुढे त्यांचं जे केलं त्यापेक्षा ती बरी होती. ब्याऐंशी सालची ती पिवळी खोली. मी तिच्यात खिडकी काढून तिचा जीव घेतला होता. शहाऐंशीची बंदरातली टगबोट, मोठी जहाजं ओढून नेणारी. ती टगबोट त्याच्या बापाची. वेंडलचा बाप एरी तळ्यावर टग चालवायचा आणि तिच्यावरच गेला. वेंडलने ती तीन दिवस खपून काढली होती, दोरखंडाचा एकेक पीळ. आणि गुरुवारी मी वर गेले, बघितलं, मला कळलं की ही बोट चित्राला बुडवतेय, आणि पुसली. नियमाप्रमाणे. त्यानंतर मी मोरीत नळ मोठा सोडून अर्धा तास रडले होते. त्याच्यासाठी. त्याच्या बापाच्या बोटीसाठी. खाली आले तेव्हा तो सूप ढवळत होता. त्याने माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि वाटी पुढे केली. मला वाटलं, काय हा माणूस! केवढं मन! अहो, कसलं मन आणि कसलं काय. बोट त्याच्या खिशात होती. त्याचं काही गेलंच नव्हतं. त्याच्या न झालेल्या नुकसानीसाठी मी रडले, आणि त्याने मला रडू दिलं, वर सूप वाढलं.

मग मी चौऱ्याऐंशीचा खोका उघडला. उघडण्याआधी थांबले होते, हे खरं आहे. चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात माझी आई गेली. तिला पुरून आल्यावर मी पुढच्या गुरुवारी वर गेले. इझलवर वेंडलची रेल्वेची यार्डं होती. मी त्यांच्यावर आईचे हात काढले. नुसते हात, पीठ माखलेले, पिएरोगीची कड दुमडताना. सारण भरलेल्या पिठाच्या पारीला सगळ्याच बायका मुरड घालतात, तिची मात्र वेगळी, कारण डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर डब्यांच्या कारखान्यात गेलेलं. त्यामुळे तिची मुरड तीन बोटांची असायची आणि आमच्या घरची पिएरोगी कुठेही ओळखू यायची. तीन दिवस मी ते हात काढले. बाहेर पहिला बर्फ पडत होता आणि मला जेवणाचीही शुद्ध नव्हती. शनिवारी संध्याकाळी खाली आले तेव्हा आयुष्यात एक गोष्ट नीट केली, असं वाटलं होतं. सोमवारी वेंडल वर गेला आणि त्याने ते पुसलं. गुरुवारी मी चढून गेले तर तिथे तळं होतं, राखाडी, थंड, कडेकडेने गोठत आलेलं. मी ब्र काढला नाही. नियम होता. ते राखाडी तळं पुढे फार नावाजलं गेलं. आज रॉचेस्टरला एका विमा कंपनीच्या दारात टांगलंय.

खोक्यात चौदा नोव्हेंबर होता: यार्डं. खोक्यात एकवीस नोव्हेंबर होता: तळं. दोन्ही फोटो एकमेकांना चिकटले होते. मी ते नखाने सोडवले. दोहोंच्या मध्ये काही नव्हतं. एवढंसं अंतर, कागदाच्या जाडीचं, आणि त्याच्यात माझी आई गेली होती.

वेंडल तीन वाजून दहा मिनिटांनी आला. दारात बूट झटकले, डबा ओट्यावर ठेवला, आणि टेबलावर सातही खोके बघून तसाच उभा राहिला, मफलर अर्धा सोडलेला. "वर गेली नाहीस?" त्याने विचारलं. एकोणीस वर्षांची चोरी टेबलावर मांडलीय आणि हा विचारतो वर गेली नाहीस. मी म्हटलं, "बस." तो बसला. म्हणाला, "रेनी, ते नुसते टिपणासाठी आहेत. काम कुठून कुठे गेलं ते कळायला."

"कुणाला कळायला?"

"मला. आपल्याला."

"आपल्याला म्हणू नकोस. आपल्याला असतं तर भट्टीच्या मागे नसतं. माझे शनिवार कुठे आहेत?"

मग त्याने ते म्हटलं, जे म्हणेल याची मला खात्री होती आणि तरी ऐकल्यावर अंगाचा तिळपापड झाला. "तूही काढू शकली असतीस की फोटो. मी अडवलं होतं का?"

"मी मला अडवलं होतं!" मी ओरडले. पलीकडच्या घरातल्या मिसेस डुडेकचा रेडिओ बंद झाला. ऐकू दे म्हातारीला. "नियम होता म्हणून मी मला अडवलं. तू कधी बोलला नाहीस की तू तो मोडतोयस. सांगितलं असतंस तर मीही ठेवलं असतं. तुझ्याकडे हजारभर चित्रं आहेत वेंडल, आणि माझ्याकडे एक नाही. सव्वीस वर्षं मी काय केलं ते जगात कुठेच नाही. मी पुसत होते तेव्हा तुझं काहीच पुसलं जात नव्हतं. तू पुसत होतास तेव्हा माझं खरंच जात होतं."

"जे उरलं ते दोघांचं आहे," तो म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला. मी चौदा आणि एकवीस नोव्हेंबर त्याच्यासमोर ठेवले, पत्ते ठेवावेत तसे. विचारलं, "यांच्यामध्ये काय होतं?" तो बघत राहिला. त्याला आठवेना, असं मला क्षणभर वाटलं, आणि त्याहून वाईट काही असू शकणार नाही असंही वाटलं. पण त्याहून वाईट होतं. "तुझ्या आईचे हात," तो म्हणाला. "आठवतंय मला. रेनी, ते कच्चं होतं. ते चित्र नव्हतं, रडणं होतं. तूही माझं तेच केलं असतंस. माझ्या बापाच्या बोटीचं केलंस ना?"

"केलं. पण तुझी बोट इथे आहे." मी ती खोक्यातून काढून त्याच्या छातीवर फेकली. "त्या सोमवारी कॅमेरा खोलीत होता?"

तो मफलरची झालर बोटाभोवती गुंडाळत होता. मी पुन्हा विचारलं.

"होता," तो म्हणाला. "खिडकीत, पडद्याआड. यार्डांचा काढला होता ना, तेव्हापासून तिथेच होता."

हात पुढे करायचा होता फक्त. एक बटण. पुसायचं तर पूस, मग नियमाप्रमाणे पूस, पण आधी एक बटण. माझी आई त्याला रविवारच्या जेवणाला पहिलं वाढायची. त्याला बीट आवडत नाही म्हणून त्याच्यापुरतं वेगळं सूप करायची, "हा बारका माझा प्रेस्बिटेरियन" म्हणायची. मी हे काही बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं की शिव्याच येतील असं वाटत होतं आणि पोलिशमधल्या शिव्या त्याला कळत नाहीत, म्हणजे त्या वायाच. तो उठला, खोके गोळा करू लागला. "जाळतो," म्हणाला. डोळे भरलेले. "आत्ता जाळतो भट्टीत. मग झालं? मग आपण सारखे." मी म्हटलं, "ठेव खाली. जाळून तुला मोठं व्हायचंय. खबरदार एक जाळलास तर." त्याने खोके ठेवले. डोळे पुसले. आणि मला दया आली नाही. आश्चर्य वाटलं, पण नाही आली.

मी वर गेले. साडेचार झाले असतील, उजेड अजून होता. इझलवर त्याचा काल संध्याकाळचा डाव होता आणि तो इतका सुंदर होता की मी बोळा न उचलताच बघत राहिले. मी पुसलेला पूल त्याने परत काढला नव्हता. फक्त पाण्यात त्याचं प्रतिबिंब काढलं होतं. वर पूल नाही, खाली प्रतिबिंब. साधा गुरुवार असता तर मी तिथेच पास म्हटलं असतं आणि उड्या मारत खाली गेले असते. म्युझियम, ग्लेन, सगळे खूश झाले असते. आणि हा विचार करताना माझ्या लक्षात आलं की मी हे पुसलं तरी पुसलं जाणार नाही. काल रात्रीच त्याने नव्या रोलमध्ये हे भरून ठेवलं असणार. पुसण्यातला दम त्याने केव्हाच काढून घेतला होता आणि मी बोळा हातात धरून इतकी वर्षं नुसतीच हात हलवत होते. आम्ही दोघं एकमेकांच्या हातात आपला गळा देऊन झोपतो, असं मला वाटायचं. लग्नात इतकं कुणाचं असतं, असा माज होता मला. नव्हतं तसं. गळा एकटीचाच होता.

तरी मी पुसलं. आधी ओलं बोळ्याने, मग खालचे सुकलेले थर सुरीने. खरवडताना खांदा निखळेल असं वाटत होतं. पाण्यातला पूल शेवटी गेला. जे निघेना त्यावर मी राखाडी चढवला आणि खिडक्या उघडून थंडीत बसले. शुक्रवारी आणि शनिवारी मी हात काढले. चौऱ्याऐंशीतले नव्हेत. ते मला आठवतील असं मी समजून होते, चौदा वर्षं रोज डोळे मिटून बघितलेले. पण ब्रश घेऊन उभी राहिले तर काही नाही. त्याचं तळंच दिसायचं. शुक्रवारी दुपारी मी संतापाने पॅलेट भिंतीवर मारली. मग खाली आले, पीठ मळलं, ते घेऊन वर गेले. माझाच डावा हात पुढ्यात ठेवला, पहिलं बोट दुमडून. अठ्ठावन्न वर्षांचा हात, शिरा आईच्या होत्या तशाच फुगलेल्या. एका हाताने मुरड घालायची, दुसऱ्याने ती रंगवायची. पीठ वाळायचं, पुन्हा भिजवायचं. वेंडलने दोनदा जिन्याच्या पायरीवर जेवणाचं ताट ठेवलं. एकदा खालूनच विचारलं, "पीठ कशाला नेलंस गं?" हे रडणं नव्हतं. कुणाला दाखवून विचारायची मला गरज नव्हती. मी चांगली चित्रकार आहे आणि हे चांगलं होतं, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा एक फटकारा नव्हता.

रविवारी आम्ही एका टेबलावर जेवलो आणि मीठ दे, एवढंच बोललो.

सोमवारी सकाळी तो जिना चढू लागला तशी मीही मागून चढले. पहिल्यांदाच. तो अर्ध्यात थांबला, मागे वळून म्हणाला, "माझा दिवस आहे." मी म्हटलं, "असू दे. पुसायचं असेल तर माझ्यादेखत पूस." आम्ही वर गेलो. खोलीत कणकेचा आंबूस वास होता. तो चित्रासमोर उभा राहिला. मी दारात. खाली कचऱ्याची गाडी आली, सगळ्या गल्लीचे डबे उलटे करून गेली, तरी तो उभाच. त्याची मान मागून म्हाताऱ्या माणसाची दिसत होती. एकदा त्याचा हात वर गेला आणि मला वाटलं बोळ्याकडे जातोय. पण त्याने नुसतं नाक पुसलं. "ती मला पहिलं वाढायची," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो." त्याचे खांदे हलू लागले. तीस वर्षांत मी त्याला असं रडताना दोनदा पाहिलंय. मी जवळ जावं असं त्याला वाटत असणार, माझ्या पायांनाही वाटत होतं. मी दाराची चौकट धरून ठेवली.

"पास," तो म्हणाला.

मग त्याने चित्र उचललं. जपून, दोन्ही कडा धरून, झोपलेलं मूल उचलावं तसं. पाठ आपल्याकडे वळवून भिंतीला टेकवलं, टेबलावरचं काळं पेन घेतलं, गुडघ्यावर बसला, आणि डोळे पुसत पुसत नेहमीच्या सुबक अक्षरात लिहिलं: वेंडल हॅडन. खाली माझ्यासाठी जागा सोडली. पेन माझ्यापुढे धरलं. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू त्याने मला काहीतरी परत केलं होतं.

त्याला कळलंच नव्हतं. चोरी करताना कळत होतं, म्हणून तर भट्टीच्या मागे गेला; हे मात्र त्याने माझ्या डोळ्यांदेखत केलं, प्रेमाने केलं, आणि त्याला काही म्हणजे काही कळलं नाही.

"हे काय लिहिलंस?"

"का?" तो गोंधळला. "मी पास म्हटलं ना. पास म्हणणारा आधी लिहितो."

"यात तुझं काय आहे, वेंडल?"

"अगं, पण सगळी चित्रं आपण..." तो थांबला. हातातल्या पेनाकडे बघितलं. मग कॅनव्हासकडे. कोऱ्या कापडात शाई शिरून कडा पसरल्या होत्या. "म्हणजे मी... सवयीने..."

"खोड."

"निघायची नाही आता ती. आत गेलीय."

"माहीत आहे. खोड तरी."

त्याने खोडलं. एक रेघ मारली, मग माझ्याकडे बघून दुसरी. रेघ वाकडी गेली, आणि खालचं नाव वाचता येतच होतं. मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खोडलेल्याच्या खाली नाही, बाजूला लिहिलं: इरेना सोब्चाक. एकटं लिहिताना ते माझं बापाकडचं नाव मला परकं वाटलं, कुणा दुसऱ्याच बाईचं वाटलं. वेंडल अजून जमिनीवरच होता. खालून बघत म्हणाला, "मग ग्लेनला काय सांगायचं?"

"सांग, म्युझियमला हवं ते चित्र माझ्याकडे नाही. तुझ्या कॅमेऱ्यात आहे."

तो हळूहळू उठला, गुडघे धरत. दाराशी आला. मी बाजूला झाले नाही, म्हणून त्याला अंग चोरून जावं लागलं. दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "उद्या माझा दिवस आहे," तो म्हणाला. विचारत होता. शाळेत जाऊ का, असं आजारातून उठलेलं पोर विचारतं तसं. सव्वीस वर्षं मी या माणसाच्या बुधवारानंतरच्या सकाळी जागी होत आले, वर काय असेल या उत्सुकतेने. तसं दुसरं काही माझ्या आयुष्यात झालं नाही आणि आता होणारही नाही, हे मला माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "उद्याही माझाच आहे."